माळ्यावर कोण चढलं?

दिवाळी आटोपली की माझ्याकडे कोटेशनं यायला लागतात. सार्वजनिक बांधकाम विभागात मी आरेखक होते. अंदाजपत्रकं आणि मापवह्या यांच्यातच उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही नात्यातले, ओळखीतले लोक घरदुरुस्तीचे कागद घेऊन रत्नागिरीच्या घरी येतात. ज्यांची दुरुस्ती असते ती घरं बहुतेक एकाच घडणीची. चिऱ्याच्या भिंती, कुठे मातीत बांधलेल्या तर कुठे चुन्यात. पुढे ओटी, मध्ये माजघर नि देवघर, मागे पडवी, वर माळा आणि त्यावर मंगलोरी कौलं. मालक मुंबई-पुण्याला, घर वर्षातला बराच काळ बंद. गणपतीत येऊन दार उघडावं तर भिंतीवरून ओघळ आलेले आणि माळ्यावर पाणी. मग ठरतं, यंदा काम काढायचंच. दोन-तीन कंत्राटदारांना फोन जातात, दोन-तीन कागद हातात पडतात आणि आकडे बघून माणूस चक्रावतो. ‘ताई, यातलं कुठलं घेऊ?’

माझ्या डोंबिवलीच्या मावसभावानेही हेच विचारलं. त्याचं घर पावसच्या पुढे, रस्त्यावरून पाखाडी उतरून गेल्यावर आगरात. पहिलं कोटेशन अर्ध्या पानाचं: ‘जुने घर दुरुस्ती, छप्पर, गिलावा, फरशी व रंगासह, उक्ते, रु. 6,40,000’. दुसरं चार पानांचं, बेरीज 9,75,000 आणि शेवटी ‘जीएसटी वेगळा’. तिसऱ्याने दुरुस्तीचा भावच दिला नव्हता. जुनं पाडून स्लॅबचं नवं घर बांधावं असा सल्ला आणि 24 लाखांचा आकडा. मावसभावाचा कल पहिल्याकडे होता, वहिनींचा तिसऱ्याकडे.

मी आधी एवढंच विचारलं की यातलं माळ्यावर कोण चढलं होतं? पहिल्याने ओटीवर बसून चहा घेतला आणि अंगणातून छपराकडे नजर टाकली. तिसऱ्याने मोबाइलवर फोटो मागवले. दुसऱ्याने मात्र सोबत सुतार आणला होता. शिडी लावून दोघे माळ्यावर गेले, मागच्या पडवीची थोडी कौलं उतरवली, वाशांची भिंतीत गेलेली टोकं टोचून बघितली आणि खाली येऊन विचारलं, ‘मागच्या बाजूचं पाणी कुठे जातं?’

जुन्या घराच्या खर्चाचा मोठा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असतो. वासा मध्यावर ठणठणीत दिसतो, पण भिंतीवर टेकलेलं त्याचं टोक ओलीने भुसभुशीत झालेलं असतं. वाळवी चिऱ्याच्या सांध्यांतल्या मातीतून वर चढते आणि तुळईच्या पोटात शिरते. वरून रंग तसाच. हे न बघता उक्तं काम अंगावर घेणारा माणूस अंदाजावर पैज लावत असतो. अंदाज चुकला तर तो दोनच गोष्टी करू शकतो, मधेच ‘ज्यादा काम निघालं’ म्हणून हात पुढे करायचा किंवा सडकं टोक तसंच ठेवून वर कौलं चढवायची. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती चार पावसाळ्यांनी कळते.

म्हणून तिन्ही कोटेशनं मी बाजूला ठेवायला सांगितली. ती तीन वेगवेगळ्या कामांची होती, तुलना होणार कशी? आधी आपली यादी हवी. कुठल्या खोलीत काय करायचं, कशाला हात लावायचा नाही, माल कुठला, हे मालकाने लिहायचं आणि तीच यादी सगळ्यांना द्यायची. यादी करायला उत्तम वेळ भर पावसाची. गणपतीला घरी आलात की जिथे गळतं तिथे कोळशाने खूण करा, फोटो काढा. नोव्हेंबरच्या कोरड्या उन्हात तीच जागा निष्पाप दिसते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या घरांचं सगळं दुखणं त्या चार महिन्यांचं आहे.

आता मापं. छपराच्या मापात सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून इथे थोडं हिशेबाने जाऊ. समजा घर 35 फूट लांब, 25 फूट रुंद. जमिनीवरचं क्षेत्रफळ 875 चौरस फूट. पण आपली छपरं भिंतीच्या बाहेर येतात, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून. चारी बाजूंना अडीच फूट वळचण धरली तर 40 गुणिले 30, म्हणजे 1200. शिवाय छप्पर उतरतं आहे. तीन फूट आडवं गेल्यावर साधारण पावणेदोन फूट चढ, म्हणजे 30 अंशांचा उतार असेल, तर उताराच्या अंगाने मोजलेलं क्षेत्र 1386 चौरस फुटांच्या आसपास भरतं. एकाने 875वर दर लावला, दुसऱ्याने 1386वर, तर पहिल्याचा दर जास्त असूनही बेरीज कमी येऊ शकते किंवा नेमकं उलट. ‘छप्पर, प्रति चौरस फूट’ एवढंच लिहिलेलं असेल तर विचारा, उतारावरून मोजणार की जमिनीवरून? वळचण धरली आहे का? आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

कौलांचंही तसंच. मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना दीडशेच्या घरात लागतात. वरच्या उदाहरणात दोन हजारांवर गेली. जुनी उतरवून परत चढवायची की नवी आणायची? जुनी चढवायची तर फुटतील त्यांची भर कोण घालणार? ही कौलं आपल्याकडे समुद्रमार्गाने आली. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टने 1865 साली मंगलोरला पहिला कारखाना काढला आणि तिथला माल किनाऱ्याकिनाऱ्याने वर चढत गेला. अजूनही जुन्या घरावरचं कौल उलटं केलं की कारखान्याचं उठावाचं नाव वाचता येतं. ही जुनी कौलं बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ते आणखी एक पिढी काढेल, बद्द वाजलं तर बाजूला. सरसकट नवी कौलं सुचवणाऱ्याला हे वाजवून दाखवायला सांगावं.

मावसभावाच्या पहिल्या कोटेशनमध्ये अगदी तळाला एक ओळ होती: ‘निघालेले जुने सामान कंत्राटदाराचे राहील’. आकडा कमी का, त्याचं अर्धं उत्तर त्या ओळीत होतं. जुन्या घरांतल्या तुळया, खांब, चौकटी साग, ऐन, किंजळ, फणस अशा लाकडाच्या असतात. नीट पोसलेल्या जुन्या सागाला आज मोठी मागणी आहे, कोरीव दारांना तर विचारूच नका. ज्या कागदात ‘छप्पर पूर्ण बदलणे’ आणि ‘जुने सामान कंत्राटदाराचे’ ही दोन वाक्यं एकत्र येतात, तिथे चांगली तुळईदेखील ‘खराब’ ठरायची शक्यता वाढते. आपण लिहून द्यायचं की काढलेला प्रत्येक नग अंगणात रचून ठेवायचा, कुठला ठेवायचा नि कुठला टाकायचा हे मालकाच्या माणसासमोर ठरेल, आणि सामान मालकाचं. कंत्राटदाराला ते हवंच असेल तर त्याची किंमत वेगळी दाखवून बिलातून वजा करायची. त्यात गैर काही नाही, फक्त ते उघड असावं.

नवं लाकूड घालायचं तर घनफुटाचा हिशेब प्रत्येकाने शिकून घ्यावा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून 144ने भागायचं. दहा फुटी, चार बाय तीन इंची वासा म्हणजे 0.83 घनफूट. तोच वासा साडेतीन बाय अडीच इंची आला तर 0.61. खालून बघताना फरक कळत नाही, पण लाकूड सत्तावीस टक्क्यांनी कमी झालेलं असतं. कोटेशनमध्ये ‘सागी वासे’ एवढंच असेल तर ते अपुरं आहे. रंधा मारल्यानंतरचं माप हवं.

भिंतींबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे पैसे मोजून घराचं नुकसान केलेलं मी फार बघितलं. चिरा सच्छिद्र असतो. पाऊस थोडा आत घेतो आणि उन्हाळ्यात बाहेर सोडतो. मातीत किंवा चुन्यात बांधलेली भिंत अशी श्वास घेत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. तिच्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा कडक गिलावा आणि वर प्लास्टिकसारखा रंग चढवला की आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती जोत्यापासून वर चढत राहते, रंगाला फोड येतात, गिलावा पोकळ वाजायला लागतो आणि लाकडाची भिंतीतली टोकं कुजतात. कंत्राटदार सिमेंट लिहितो, कारण त्याच्या गवंड्यांना तेच जमतं आणि काम लवकर उरकतं; त्याच्या मनात काही वाईट असतं असं नाही. पण आपण विचारावं: चुन्याचं काम करणारा गवंडी आहे का? बाहेरून फक्त दरजा भरून चिरा उघडा ठेवता येईल का? दोन्ही गोष्टींचा दर वेगळा मागावा. चुन्याचं काम महाग पडतं आणि वेळ खातं, हे खरंच आहे. तरी निदान जोत्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत तरी सिमेंट लावू नका, असं मी सगळ्यांना सांगते.

आणि ओल कुठून येते ते आधी बघा. मागच्या बाजूला डोंगराचं पाणी भिंतीशी साचत असेल तर आत कुठलाही महागडा रंग लावून उपयोग नाही. तिथे गटार खणून पाणी बाजूला काढणं हेच पहिलं काम. कोटेशनमधल्या बाबींचा क्रमच माणसाचा विचार सांगतो. जे कोटेशन रंग, फरशी, पीओपी यांनी सुरू होतं आणि छप्पर तिसऱ्या पानावर येतं, ते लिहिणाऱ्याला घर समजलेलं नाही असं मी धरते. आधी पाण्याची वाट, मग छप्पर, मग लाकूड नि वाळवी, मग भिंती, जमीन, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी रंग. वाळवीच्या औषधाबद्दल ‘पेस्ट कंट्रोल’ एवढाच शब्द चालवून घेऊ नये. उभ्या घरासाठी भारतीय मानक 6313चा तिसरा भाग आहे; त्याप्रमाणे जोत्याकडेने भोकं पाडून औषध सोडणार का, औषध कुठलं, हमी किती वर्षांची, हे लिहिलेलं हवं.

कौलं काढून रंगीत पत्रे घालावेत असं आता बरेच कंत्राटदार सुचवतात. देखभाल कमी, माकडांचा त्रास नाही, हे पटतं. तरी पत्र्याचं कोटेशन वाचताना 3 जून 2020 आठवावा. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आपल्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडला घरांची छपरं उडाली. कौलंही गेली, पत्रेही गेले. नंतर पत्रे मिळेनात अशी वेळ आली. पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, 0.35 आणि 0.5 लांबून सारखेच दिसतात. लोखंडी पाइपांचं वजन, स्क्रूंमधलं अंतर, सांगाडा भिंतीला कशाने बांधणार, हेही लिहून घ्या. वाऱ्याला छप्पर धरून ठेवायचं काम त्या बांधणीचं असतं, आणि नेमकी तीच बाब बहुतेक कागदांवर नसते.

मावसभावाच्या पहिल्या कोटेशनमध्ये नसलेल्या गोष्टींची आम्ही यादी केली. वायरिंग नव्हतं. राडारोडा कुठे टाकायचा ते नव्हतं. आणि पाखाडी नव्हती. टेम्पो रस्त्यावर थांबतो, तिथून खाली घरापर्यंत वाळू, सिमेंट, चिरा, कौलं सगळं डोक्यावरून न्यायचं. आपल्या अर्ध्या गावांची हीच स्थिती आहे आणि मजुरीत हा खर्च छोटा नसतो. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली तर बांधकामाला पाणी कोण आणणार, कामगार कुठे राहणार, परांचीचे बांबू कोणाचे, हेही नव्हतं. हे सगळं धरल्यावर साडेसहा लाखांचा आकडा नऊच्या पुढे सरकला. दुसऱ्याच्या कागदात यातल्या बऱ्याच बाबी आधीच होत्या.

दुसऱ्याच्या ‘जीएसटी वेगळा’कडेही बघायला हवं होतं. 18 टक्क्यांनी 9,75,000वर 1,75,500 येतात, म्हणजे एकूण 11,50,500. जीएसटी लावणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला 27ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघायला मिनिट लागत नाही. निव्वळ सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण मग त्याला जीएसटी घेताही येत नाही. सिमेंटवरचा कर 22 सप्टेंबर 2025पासून 28 टक्क्यांवरून 18वर आला आहे. त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर सिमेंटचा भाव पुन्हा मागून घ्या.

दर वाजवी आहे की नाही हे कळायला सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची उपयोगी पडते. पाखाडीखालच्या छोट्या कामाला तिथले दर जसेच्या तसे लागू होणार नाहीत. मी ती वेगळ्या कारणासाठी वाचायला सांगते: प्रत्येक बाब किती नेमकी लिहिता येते ते तिथे दिसतं. माल, मिश्रणाचं प्रमाण, जाडी, वाहतूक, परांची, पाणी मारणं, सगळं एका वाक्यात. तसं वाक्य आपल्या कागदात आलं की भांडणाला जागा उरत नाही.

तिसऱ्याच्या 24 लाखांविषयी वहिनींशी शांतपणे बोलले. पाडून नवं बांधणं कधी कधी योग्य असतं. पाया खचला असेल, भिंती ओळंब्यातून गेल्या असतील तर जरूर. पण तो निर्णय आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या पाहणीवर घ्यावा, त्याची फी देऊन. ज्याला पाडकामात आणि नव्या बांधकामात नफा आहे, त्याच्याच फोटो बघून दिलेल्या सल्ल्यावर घेऊ नये. शिवाय किनाऱ्यालगतच्या घराला सीआरझेड लागू असेल तर आहे त्या चौथऱ्यावर दुरुस्ती करणं आणि पाडून नवं बांधणं यांत परवानगीचा मोठा फरक पडतो. नमुना आठच्या उताऱ्यावर नाव कोणाचं, सामाईकातल्या भावंडांची लेखी संमती आहे का, ग्रामपंचायतीकडे अर्ज कोण करणार, हे काम सुरू होण्याआधी मिटवा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर बघून या, असंही वहिनींना सांगितलं. 1856 साली टिळक तिथे जन्मले, म्हणजे घर त्याहून जुनं, आणि आज ते पुरातत्त्व विभाग राखतो. कौलारू घर जपलं तर किती काळ टिकतं ते समोर दिसतं.

शेवटी आम्ही दुसऱ्याला बोलावलं आणि दोन तास बसलो. जे दिसतं त्याचे पक्के आकडे ठेवले. जे दिसत नाही, म्हणजे वाशांची टोकं, भिंतीतल्या तुळया, त्याची ठोक रक्कम काढून टाकली आणि घनफुटाचा दर ठरवला. जितकं निघेल तितकं, मापवहीत दोघांच्या सह्यांनी. आगाऊ रक्कम दहा टक्के. पुढचे हप्ते तारखेवर न ठेवता कामाच्या टप्प्यांवर: छप्पर उघडून लाकूड पारखलं की एक, कौलं चढली की एक, असं. शिमग्याला माणसं गावी जातात आणि मार्चपासून आंब्याच्या बागांत मजुरी जास्त मिळते, म्हणून छप्पर फेब्रुवारीअखेर बंद झालंच पाहिजे ही अट घातली. त्यालाही ती पटली. उघडं छप्पर घेऊन मेच्या अवकाळीत सापडायची भीती त्यालाच जास्त होती. बिलाचे दहा टक्के दसऱ्यापर्यंत राखून ठेवायचे ठरले, म्हणजे एक पूर्ण पावसाळा घरावरून गेला की मगच द्यायचे. या अटीवर त्याने थोडी कुरकुर केली आणि मग मान्य केलं. जो ती ऐकताच उठून जातो, त्याच्या छपराखाली झोपायचं कशाला?

त्याने पूर्वी केलेल्या घरांचे पत्तेही घेतले. नुकतं पूर्ण झालेलं घर बघण्यात अर्थ नसतो, ते चांगलंच दिसतं. दोन-तीन पावसाळे झालेलं एक घर गोळपच्या बाजूला होतं. तिथल्या म्हाताऱ्या आजींनी आम्हाला माळ्यावर चढू दिलं.

राहता राहिले पहिले आणि तिसरे. त्या दोघांना मावसभावाने स्वतः फोन करून काम दुसऱ्याला दिल्याचं आणि का दिलं तेही सांगितलं. पहिले गृहस्थ म्हणाले की माळ्यावर चढायला हवं होतं. त्यांचे गवंडी चिऱ्याच्या कामात चांगले आहेत, म्हणून आगराच्या गडग्याचं काम पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे द्यायचं चाललंय. त्याचं कोटेशन लांबी, रुंदी, उंची लिहून ब्रासच्या दराने मागितलं आहे.